चारित्र्याची चौकशी आणि कंत्राटदारी

तृतीय वर्ष कला (राज्यशास्त्र)

नोकरी मिळाली असे आपण केव्हा म्हणतो? लेखी परीक्षेचा निकाल लागला, मुलाखत पार पडली, निवड यादीत नाव झळकले, की घरी पेढे वाटले जातात. परंतु सरकारी नोकरीच्या बाबतीत त्यानंतरही एक परीक्षा शिल्लक असते. तिला अभ्यासक्रम नाही, तिची तारीख कोणी कळवीत नाही, आणि तिच्यातील प्रश्नांची उत्तरे उमेदवार नव्हे, तर त्याचे शेजारी देतात. शासकीय भाषेत हिला 'चारित्र्य व पूर्वचारित्र्य पडताळणी' असे भारदस्त नाव आहे. आपण तिला 'पोलीस व्हेरिफिकेशन' म्हणतो.

आपल्या महाविद्यालयातील कितीतरी विद्यार्थी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करीत आहेत. त्यांतील यशस्वी होणाऱ्या प्रत्येकाला या वाटेने जायचे आहे. म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास करावा असे वाटले. तो करताना एक प्रश्न पुढे आला आणि तोच या लेखाचा विषय आहे: माणसाच्या चारित्र्याची चौकशी करण्याचे काम सरकारने कंत्राटावर द्यावे काय? द्यावयाचे झाल्यास कोठपर्यंत द्यावे?

टेंभी नाक्यावरील एक अनुभव

प्रथम घरचाच अनुभव सांगतो. माझ्या मावसभावाची एका सरकारी कचेरीत निवड झाली. तो लहानाचा मोठा झाला टेंभी नाक्याजवळच्या एका जुन्या इमारतीत. इमारत पाडण्यास निघाली, तेव्हा कुटुंब कळव्यास भाड्याच्या खोलीत गेले. अर्जात त्याने दोन्ही पत्ते प्रामाणिकपणे लिहिले. काही आठवड्यांनी एक हवालदारसाहेब जुन्या पत्त्यावर आले. तेथे पत्र्याचे कुंपण आणि खोदलेला पाया! समोरच्या टपरीवाल्याला त्यांनी विचारले, "काय हो, हे इथं राहायचे का?" तो म्हणाला, "माहीत नाही साहेब, मी दोन वर्षांपूर्वी आलो." टपरीवाला खोटे बोलला नाही. हवालदारसाहेबांनीही खोटे लिहिले नाही. परंतु या दोन खऱ्या गोष्टींतून भावाचा कागद अडला तो अडलाच. त्याच्याबरोबर निवड झालेले कामावर रुजू झाले, आणि मावशीला मात्र रोज कोणीतरी विचारी, "काय हो, ऑर्डर आली का?" लोकांच्या डोळ्यांत हळूहळू संशय दिसू लागला. काहीतरी भानगड असल्याशिवाय का कोणाचा कागद अडतो?

अखेर उपयोगी पडले ते त्याचे जुने शिक्षक. ओळखीच्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींपैकी एक म्हणून त्यांचे नाव अर्जात होते. दुसरे एक पोलीस कर्मचारी त्यांच्याकडे गेले, चहा घेतला, तासभर बसले. गुरुजींनी मुलाला पहिल्या इयत्तेपासून कसे पाहिले ते सांगितले, इमारतीतील जुनी बिऱ्हाडे आता कोठे आहेत तेही सांगितले. पंधरा दिवसांत अहवाल गेला. नियम तेच, नमुना तोच, पोलीस खातेही तेच. फरक एवढाच, की एकाने दारावरून विचारले आणि दुसरा आत येऊन बसला. चौकशीची किंमत चौकशी करणाऱ्याच्या वेळेवर आणि कळकळीवर ठरते, हे त्या दिवशी मला प्रथम कळले.

कागदाचा प्रवास

या पडताळणीची रीत थोडक्यात अशी. निवड झालेला उमेदवार 'साक्षांकन नमुना' भरतो. त्यात नाव, जन्मस्थान, शिक्षण, पूर्वीच्या नोकऱ्या आणि राहण्याची ठिकाणे लिहावी लागतात. केंद्र सरकारच्या नमुन्यात मागील ५ वर्षांत जेथे जेथे एक वर्षाहून अधिक काळ वास्तव्य झाले, ते सर्व पत्ते मागितलेले असतात. कधी अटक झाली काय, खटला चालला काय, शिक्षा झाली काय, असे सरळ प्रश्न असतात. नमुन्याच्या आरंभीच इशारा असतो, की खोटी माहिती देणे किंवा खरी माहिती दडविणे ही अपात्रता समजली जाईल. हा कागद नेमणूक करणाऱ्या कचेरीतून पोलिसांकडे, तेथून संबंधित ठाण्याकडे, आणि ठाण्यातून त्या भागात फिरणाऱ्या कर्मचाऱ्याकडे जातो. मग त्याच वाटेने अहवाल परततो.

यात दोन वेगवेगळी कामे आहेत हे ध्यानात घ्यावे. एक कारकुनी काम: नमुने स्वीकारणे, कागद जुळविणे, नोंदी करणे, स्मरणपत्रे धाडणे. दुसरे निवाड्याचे काम: कोणाला विचारायचे, मिळालेल्या उत्तरावर कितपत विश्वास ठेवायचा, आणि त्यावरून माणूस नोकरीस योग्य की अयोग्य हे ठरविणे. पुढील सर्व विवेचन या भेदावर आधारलेले आहे.

जुनी गरज, जुना धोका

राज्यकर्त्यांना ही गरज पूर्वीपासून वाटत आली आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अमात्यांची परीक्षा घेण्यासाठी धर्म, अर्थ, काम आणि भय अशा चार 'उपधा' सांगितल्या आहेत. जो ज्या कसोटीस उतरेल त्याला त्या प्रकारचे काम द्यावे, असा तेथील विचार. म्हणजे परीक्षा व्यक्तीची आणि ती कामाच्या स्वरूपाशी जोडलेली.

याउलट इंग्रजी अमदानीत १८७१ साली झालेला गुन्हेगार जमाती कायदा पाहा. त्याने व्यक्तीचे पूर्वचारित्र्य पाहिले नाही. संपूर्ण जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. आपल्या महाराष्ट्रात सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये अशा जमातींची माणसे तारेच्या कुंपणात राहत होती. तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. कायदा गेला तरी संशयाची सवय सहजी गेली नाही. चौकशी करणाऱ्याने आळस केला आणि ठरावीक समजुतीवर विसंबला, तर एक शेरा माणसाच्या पिढ्यांवर कसा पडतो, याचे हे आपल्याच मातीतील उदाहरण आहे.

न्यायालयांनी काय सांगितले?

स्वतंत्र भारतात सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर काही महत्त्वाचे निर्णय दिले आहेत. १९८३ साली मध्य प्रदेशातील एका शिक्षकाचे प्रकरण आले. त्याने पूर्वी विशिष्ट राजकीय संघटनांच्या कार्यात भाग घेतला होता, असा पोलिसांचा अहवाल आल्याने त्याची नोकरी गेली होती. माणसाच्या पूर्वीच्या राजकीय मतांसाठी पोलिसांचा दाखला मागणे हे लोकशाहीला शोभत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. २०११ साली दिल्ली पोलिसांत भरती होऊ पाहणाऱ्या एका तरुणाने तडजोडीने मिटलेले जुने प्रकरण अर्जात लिहिले नव्हते. तरुणपणीच्या चुकीकडे थोड्या उदारपणे पाहावे, असे सांगताना न्यायालयाने व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतील ज्याँ वालज्याँचे स्मरण केले. पाव चोरणाऱ्याला जन्मभर चोर म्हणावयाचे काय? साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हा निकाल अवश्य वाचावा.

२०१६ साली अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी पूर्वीच्या उलटसुलट निर्णयांचा मेळ घालून मार्गदर्शक तत्त्वे सांगितली. त्यांचे सार असे, की उमेदवाराने माहिती खरी द्यावी. परंतु तरुण वयात घोषणा दिल्यासारखी क्षुल्लक बाब दडविली गेली असेल, तर नेमणूक अधिकारी ती सोडून देऊ शकतो. उलट, खरी माहिती दिली तरी गुन्ह्याचे स्वरूप पाहून नेमणूक नाकारण्याचा अधिकारही त्याला आहे. म्हणजे प्रत्येक वेळी तारतम्य हवे. आणि तारतम्य ही निविदेत लिहून मागविता येणारी वस्तू नव्हे.

आपल्याकडील कंत्राटाचे तीन नमुने

आता कंत्राटाच्या प्रश्नाकडे वळू. आपल्याकडे या कामाशी खाजगी संस्थांचा संबंध तीन प्रकारांनी आलेला दिसतो.

पहिला नमुना पासपोर्टचा. परराष्ट्र मंत्रालयाने २००८ साली पासपोर्ट सेवा प्रकल्पाचे काम टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीस दिले. आपल्यापैकी जे वागळे इस्टेटमधील पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन आले असतील, त्यांना 'अ', 'ब', 'क' अशा तीन पायऱ्या आठवत असतील. पहिल्या खिडकीवर कंपनीचे कर्मचारी कागद पाहतात, छायाचित्र व बोटांचे ठसे घेतात. दुसऱ्या खिडकीवर कागदपत्रांची पडताळणी आणि तिसऱ्या खिडकीवर मंजुरीचा निर्णय, ही दोन्ही कामे शासकीय नोकर करतात. घरी येऊन चौकशी करणारे पोलीस ते वेगळेच. कारकुनी काम कंपनीकडे आणि निवाडा सरकारकडे, अशी स्पष्ट रेघ येथे ओढलेली आहे.

दुसरा नमुना पहारेकऱ्यांचा. कचेऱ्या, रुग्णालये, बँका यांच्या दारात उभा असलेला गणवेशातील माणूस पुष्कळदा खाजगी एजन्सीचा असतो. २००५ च्या खाजगी सुरक्षा एजन्सीविषयक केंद्रीय कायद्यात अशी अट आहे, की पहारेकऱ्याच्या चारित्र्याबद्दल एजन्सीची खात्री पटली पाहिजे. ही खात्री कशी पटवावी? २००६ च्या नमुना नियमांनी तीन मार्ग दिले: एजन्सीने स्वतः पडताळणी करावी, उमेदवाराने आणलेल्या दाखल्यावर विसंबावे, किंवा पोलिसांचा अहवाल घ्यावा. येथे रेघ पुसट होते. ज्याला माणूस लवकर उभा करून बिल लावावयाचे आहे, त्यानेच त्या माणसाच्या चारित्र्याची खात्रीही करावयाची! मुंबई-ठाण्यात १९८१ च्या महाराष्ट्र कायद्याखाली सुरक्षा रक्षक मंडळ आहे. पहारेकऱ्याची नोंदणी मंडळात होते आणि तेथून तो कामावर पाठविला जातो. एजन्सीच्या मर्जीवर सर्व सोडू नये, हा विचार आपल्या जिल्ह्याला नवीन नाही, एवढे यावरून दिसते.

तिसरा नमुना मनुष्यबळ पुरवठ्याचा. महाराष्ट्र शासनाने ६ सप्टेंबर २०२३ रोजी ९ खाजगी संस्थांमार्फत अतिकुशल, कुशल, अर्धकुशल व अकुशल असे कर्मचारी घेण्याचा निर्णय काढला. राज्यभर विद्यार्थ्यांनी विरोध केला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो निर्णय रद्द झाला. त्या वेळी चर्चा झाली ती आरक्षणाची, पगाराची आणि कायम नोकरीची. आणि ते योग्यच होते. परंतु शासनाच्या टेबलावर बसून नागरिकांचे कागद हाताळणारा माणूस जर बाहेरच्या संस्थेने निवडलेला असेल, तर त्याच्या विश्वासार्हतेची हमी नेमकी कोणाची, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. कंत्राटी नेमणुका आजही निरनिराळ्या कार्यालयांत आहेत, तेव्हा तो प्रश्नही आहेच.

अमेरिकेने दिलेला धडा

ही रेघ पूर्ण पुसली तर काय होते, हे पाहावयास अमेरिकेकडे जावे लागते. तेथे सरकारी नोकरांच्या पूर्वचारित्र्याची चौकशी केंद्रीय कर्मचारी व्यवस्थापन कार्यालय करीत असे. १९९६ साली सरकारी खर्च कमी करण्याच्या धोरणानुसार या कार्यालयातील तपास विभाग वेगळा काढून त्याची 'यूएसआयएस' ही कंपनी करण्यात आली. प्रथम ती कर्मचाऱ्यांच्याच मालकीची होती. पुढे गुंतवणूकदारांच्या हाती गेली. तिच्याकडे दोन कंत्राटे होती. घरोघर जाऊन चौकशी करण्याचे एक, आणि त्या चौकशांच्या कागदपत्रांना लागणाऱ्या साहाय्यकारी सेवांचे दुसरे. सरकारी कार्यालयात होणाऱ्या अंतिम तपासणीच्या कामातही या दुसऱ्या कंत्राटाची माणसे होती. थोडक्यात, उत्तरपत्रिका लिहिणारा आणि तपासणारा एकाच घरचा!

१६ सप्टेंबर २०१३ रोजी वॉशिंग्टनच्या नौदल तळावर ॲरन अलेक्सिस या कंत्राटी कर्मचाऱ्याने १२ जणांना गोळ्या घालून ठार केले. त्याची जुनी फाईल काढण्यात आली. २००७ साली या कंपनीने केलेल्या चौकशीच्या आधारे त्याला सुरक्षा परवानगी मिळाली होती. २००४ साली सिॲटलमध्ये त्याला अटक झाली होती. पोलिसांच्या मूळ अहवालानुसार त्याने एका मोटारीच्या टायरांवर पिस्तुलातून गोळ्या झाडल्या होत्या. परंतु चौकशीच्या फाईलमध्ये पिस्तुलाचा उल्लेखच नव्हता. टायरांतील हवा काढली एवढेच नमूद होते. मूळ अहवाल पाहण्यात आला नव्हता. ही चौकशी तेव्हाच्या नियमांना धरूनच होती, असे नंतर सरकारी कार्यालयाने सांगितले. मला हेच अधिक भयंकर वाटते. नियमाच्या सर्व चौकटींत खुणा झाल्या, आणि पिस्तूल तेवढे बाहेर राहिले.

पुढील गोष्ट तर उघड आरोपाची आहे. २०११ साली कंपनीच्याच एका माजी अधिकाऱ्याने न्यायालयात दावा दाखल केला. तेथील न्याय खाते त्यात सामील झाले आणि जानेवारी २०१४ मध्ये त्याने आपली तक्रार मांडली. २००८ ते २०१२ या काळात कंपनीने सुमारे ६,६५,००० प्रकरणे आवश्यक ती तपासणी न करताच 'पूर्ण' म्हणून सरकारकडे लोटून दिली, असे त्यात म्हटले होते. हे प्रमाण त्या काळातील एकूण प्रकरणांच्या सुमारे ४० टक्के होते. कारण साधे होते. पैसे पूर्ण झालेल्या प्रकरणांवर मिळत, आणि महिनाअखेरचे उद्दिष्ट गाठावयाचे होते. आपल्याकडे बिगारी काम उक्ते दिले की भिंत लवकर उभी राहते, पण ओळंबा कोण धरतो? तशातलाच हा प्रकार. २०१४ साली अंतिम तपासणी केवळ सरकारी नोकरांनीच करावी असा निर्णय झाला. त्याच वर्षी कंपनीची कंत्राटे थांबली. २०१५ साली तिच्या पालक कंपनीने दिवाळे काढले आणि सुमारे ३ कोटी डॉलरच्या रकमेवर पाणी सोडून दावा मिटविला.

त्याच २०१५ साली दुसरे संकट उघड झाले. या चौकशांसाठी गोळा केलेली सुमारे २ कोटी १५ लाख लोकांची खाजगी माहिती सरकारी संगणकांतून चोरीस गेली. त्यात ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे होते. परवलीचा शब्द बदलता येतो. बोटांचे ठसे कसे बदलणार? कुटुंब, कर्ज, आजार, जुनी भांडणे असे सर्व काही माणसाने नोकरीसाठी विश्वासाने लिहून दिलेले असते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार मानला आहे. तेव्हा पडताळणीचा कागद किती हातांतून जातो, हा प्रश्न आपल्यालाही टाळता येणार नाही.

गडावरील तीन अधिकारी

मग कंत्राट मुळीच नको काय? तसे म्हणणे एकांगी ठरेल. पोलीस खात्यावर कामाचा भार मोठा आहे. बंदोबस्त, तपास, सण-उत्सव सांभाळून त्याच हवालदाराने दारोदार फिरावयाचे आहे. नवरात्रात टेंभी नाक्यावर पाऊल ठेवण्यास जागा नसते, त्या दिवसांत भावाचा कागद कोणी शोधत बसावे, अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे होईल. शिवाय शासकीय हातातील चौकशी निर्दोष असते असेही नाही. वर सांगितलेला घरचा अनुभव कंत्राटदाराचा नव्हताच. म्हणून कागद स्वीकारणे, नोंदी ठेवणे, उमेदवाराला प्रकरण कोठवर आले ते कळविणे, ही कामे बाहेरच्या संस्थेने केली तर कोणाचे नुकसान नाही, झाला तर फायदाच आहे.

परंतु मर्यादा कोठे घालावी याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. शिवाजी महाराजांच्या गडांवर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी असत. किल्ल्या व पहारा एकाकडे, हजेरी व हिशेब दुसऱ्याकडे, कोठार तिसऱ्याकडे. एकटा फितूर झाला तरी गड शत्रूच्या हाती जाऊ नये, अशी ती योजना होती. चौकशीच्या बाबतीत हेच तत्त्व लावता येईल. जो चौकशी करतो त्याने ती तपासू नये. जो तपासतो त्याला प्रकरणांच्या संख्येवर पैसे मिळू नयेत. आणि योग्य-अयोग्य हा अंतिम शब्द लोकांना उत्तरदायी असलेल्या शासकीय अधिकाऱ्याचाच असावा. याखेरीज अहवाल प्रतिकूल असल्यास तो उमेदवारास दाखवून त्याचे म्हणणे ऐकले जावे. 'पत्ता सापडला नाही' आणि 'चारित्र्य संशयास्पद' यांतील अंतर कागदावर स्पष्ट राहावे. माझ्या भावाच्या बाबतीत तेवढे झाले असते, तरी मावशीचे सहा महिने सुखाचे गेले असते.

शहर बदलत आहे. वाडे आणि चाळी जाऊन मनोरे उभे राहत आहेत. समोरच्या दारावरील पाटीपलीकडे शेजाऱ्याची ओळख उरलेली नाही. उद्या आपल्यापैकी कोणाचा कागद घेऊन कोणी आले, तर 'हो, मी यांना ओळखतो' असे म्हणणारा माणूस जिन्यात भेटेल काय? कंत्राटदार असो वा हवालदार, चौकशी अखेर त्या एका वाक्यावर येऊन ठेपते. ते वाक्य बोलण्याची जबाबदारी आपल्या सर्वांची आहे, आणि ते नीट ऐकून घेण्याची जबाबदारी शासनाची आहे. ती मात्र कोणत्याही निविदेने दुसऱ्याच्या गळ्यात घालता येणार नाही.